लहान मुले आणि पडदा : वेळेच्या हिशेबापलीकडे

बालसंगोपनाविषयी कुटुंबांना सल्ला देण्याचे काम ज्यांच्याकडे येते, त्यांना अलीकडे एक प्रश्न हटकून विचारला जातो : मुलाला मोबाइल किती वेळ द्यावा? प्रश्न विचारणारी बहुधा आईच असते. तिच्या स्वरात जिज्ञासेपेक्षा अपराधीपणा अधिक असतो; आणि उत्तरादाखल मिनिटांचा एखादा आकडा हाती पडला, की तो आपल्या घरी पाळता येत नाही या जाणिवेने तो अपराधीपणा वाढतोच. मानवविकास, गृहशास्त्र, शिक्षणशास्त्र व समाजकार्य या शाखांच्या विद्यार्थ्यांना पुढेमागे हा प्रश्न हाताळावा लागणारच आहे. त्याचे शास्त्रीय स्वरूप काय, उपलब्ध संशोधन काय सांगते, आणि कुटुंबाच्या उपयोगी पडेल असे उत्तर कोणत्या रीतीने देता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. ‘लहान मूल’ या शब्दाने येथे जन्मापासून सहा वर्षांपर्यंतचे मूल अभिप्रेत आहे. आणि ‘पडदा’ या शब्दात दूरचित्रवाणी, मोबाइल, टॅब्लेट व संगणक या सर्वांचा समावेश केला आहे.

लेखाचे मुख्य प्रतिपादन आरंभीच सांगणे सोयीचे होईल. मूल पडद्यासमोर किती वेळ होते, हा प्रश्न आवश्यक असला तरी अपुरा आहे. त्या वेळात पडद्याने कोणाची जागा घेतली, आणि मुलाच्या हालचालीला, शब्दाला व दृष्टीला उत्तर देणारे कोणी तेथे होते की नव्हते, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे. हे प्रतिपादन मान्य केल्यास सल्ल्याचा रोख एकट्या मुलावरून सबंध घराकडे वळतो.

प्रश्नाचे बदललेले स्वरूप

घरात शिरलेल्या प्रत्येक नव्या यंत्राने पालकांना काळजीत टाकले आहे. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळी दूरचित्रवाणीचा संच असलेले घर वाडीत एखादेच असे आणि शेजारपाजारची मुले तेथे गोळा होत. कार्यक्रम ठरावीक वेळी लागे, ठरावीक वेळी संपे. पाहणे हा सामुदायिक प्रसंग होता. त्यावर बोलणे, हसणे, टीका करणे ओघानेच येई.

मोबाइलने या तिन्ही गोष्टी पालटल्या. पडदा भिंतीजवळून हातात आला. अनेकांचा होता तो एकाचा झाला. आणि कार्यक्रमाला शेवट उरला नाही, कारण एक चित्रफीत संपण्यापूर्वीच दुसरी पुढे ठाकते. प्रसारही विलक्षण वेगाने झाला. ग्रामीण भारतातील शालेय मुलांच्या घरांची पाहणी करणाऱ्या ‘असर’ अहवालांनुसार, स्मार्टफोन असलेल्या घरांचे प्रमाण २०१८ साली ३६.५ टक्के होते, ते २०२२ साली ७४.८ टक्के झाले. मधल्या काळात, मार्च २०२० मध्ये, महामारीमुळे शाळा व अंगणवाड्या बंद झाल्या, आणि मुलाच्या हाती मोबाइल देऊ नये असे कालपर्यंत सांगणाऱ्या शाळेनेच तो देण्यास सांगितले. पालकांच्या मनातील गोंधळाचे मूळ बऱ्याच अंशी या परस्परविरोधी अनुभवात आहे.

कालमर्यादा : आधार आणि उणीव

निरनिराळ्या संस्थांनी घालून दिलेल्या कालमर्यादा विद्यार्थ्यांना ठाऊक असणे आवश्यक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तीनुसार पहिल्या दोन वर्षांत बैठा पडदा-वेळ मुळीच असू नये. दोन ते चार या वयांत तो दिवसाला एक तासाहून अधिक नसावा, आणि जितका कमी तितका बरा. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या सूचनाही जवळजवळ याच स्वरूपाच्या आहेत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९९ साली दोन वर्षांखालील मुलांना दूरचित्रवाणीपासून दूर ठेवावे असे सांगितले होते. २०१६ साली तिने ही भूमिका काहीशी बदलून, दीड वर्षाखालील मुलांसाठी व्हिडिओ कॉलचा अपवाद केला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेचा आधार नीट समजून घेण्याजोगा आहे. तिने केवळ पडद्याचा विचार केलेला नसून मुलाचे चोवीस तास एकत्र मांडले आहेत. एक ते दोन वर्षांच्या मुलाला ११ ते १४ तास झोप हवी, तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास. आणि एक ते चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून निदान १८० मिनिटे हालचाल करावयास हवी. यात जेवण, स्नान, गोष्ट व गप्पा मिळवल्या, की पडद्यासाठी फारसे काही शिल्लक राहत नाही. म्हणजे येथे पडद्याकडे विष म्हणून न पाहता दिवसातील जागा अडवणारी वस्तू म्हणून पाहिले आहे.

तथापि या मर्यादांत एक उणीव आहे. आजोबांशी व्हिडिओ कॉलवर बोलण्यात गेलेली वीस मिनिटे आणि एकट्याने चित्रफिती पाहण्यात गेलेली वीस मिनिटे घड्याळाच्या दृष्टीने समान आहेत. मुलाच्या दृष्टीने ती समान नाहीत. भारतीय व अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी व्हिडिओ कॉलचा अपवाद केला आहे, त्याअर्थी हा भेद त्यांनाही मान्य आहे. या अपवादामागील तत्त्व कोणते, ते प्रयोगांवरून स्पष्ट होते.

प्रयोगांची साक्ष

जॉर्जीन ट्रोसेथ व जूडी डिलोश यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग साधा व मार्मिक आहे. शेजारच्या खोलीत एक खेळणे लपवले जात असताना मुलांनी ते पडद्यावर पाहिले व मग त्या खोलीत जाऊन ते शोधावयाचे होते. अडीच वर्षांच्या मुलांना ते साधले. दोन वर्षांच्या बहुतेक मुलांना साधले नाही. मात्र तेच दृश्य खिडकीतून प्रत्यक्ष दाखवल्यावर दोन वर्षांची मुलेही यशस्वी झाली. पुढे काही मुलांची अशी समजूत करून देण्यात आली, की ती खिडकीतून पाहत आहेत. वस्तुतः त्यांच्यापुढे पडदाच होता. तरीही त्यांना खेळणे सापडले. यावरून असे दिसते, की अडचण डोळ्यांची नाही व स्मृतीचीही नाही. पडद्यावर घडते त्याचा आपल्या खऱ्या जगाशी संबंध आहे, हेच या वयाच्या मुलाला गृहीत धरता येत नाही.

भाषेच्या बाबतीत पॅट्रिशिया कूल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेले संशोधन विख्यात आहे. अमेरिकेतील सुमारे नऊ महिन्यांच्या, इंग्रजी भाषक घरांतील बालकांना चिनी भाषकांनी बारा बैठकांत गोष्टी सांगितल्या व त्यांच्याशी खेळ केले. या बालकांना चिनी भाषेतील, इंग्रजीत नसलेला, एक सूक्ष्म ध्वनिभेद ओळखता येऊ लागला. दुसऱ्या गटाला त्याच व्यक्ती तेच बोलताना चित्रफितीवर दाखवल्या, तिसऱ्याला केवळ ध्वनिमुद्रण ऐकवले. या दोन्ही गटांनी काहीच आत्मसात केले नाही. आवाज तोच, शब्द तेच, वेळही तेवढाच. समोरचा माणूस तेवढा नव्हता.

बालकांना शब्द शिकवण्याचा दावा करणाऱ्या एका लोकप्रिय चित्रफितीची परीक्षा डिलोश व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केली. बारा ते अठरा महिन्यांच्या बालकांनी ती चार आठवडे घरी पाहिली. ज्यांनी ती पाहिलीच नव्हती अशा बालकांहून त्यांना अधिक शब्द आले नाहीत. सर्वांत अधिक शब्द आले ते कोणतीही चित्रफीत न लावता आईवडिलांनी रोजच्या व्यवहारात शब्द शिकवले त्या गटाला. या अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष मार्गदर्शकाने ध्यानात ठेवावा : ज्या पालकांना चित्रफीत अधिक आवडली होती, ते मूल तिच्यामुळे किती शिकले याचा अंदाज वाजवीपेक्षा अधिक करीत होते.

मग व्हिडिओ कॉल अपवाद का? तेथेही माणूस पडद्यावरच असतो. सारा रोझबेरी, कॅथी हर्श-पासेक व रोबर्टा गोलिंकॉफ यांनी २०१४ साली याचे उत्तर दिले. चोवीस ते तीस महिन्यांच्या ३६ मुलांना नवी क्रियापदे तीन प्रकारे शिकवण्यात आली : प्रत्यक्ष, व्हिडिओ कॉलवर, आणि दुसऱ्या कोणा मुलाशी झालेल्या कॉलच्या चित्रफितीवरून. पहिल्या दोन्ही प्रकारांत मुले शिकली. तिसऱ्यात शिकली नाहीत. व्हिडिओ कॉलवरील स्त्री मुलाच्या बोलण्याला उत्तर देत होती. चित्रफितीतील स्त्री प्रश्न विचारी व थांबे, परंतु तिचे थांबणे या मुलासाठी नव्हते.

प्रतिसादाची साखळी

या प्रयोगांचा मथितार्थ असा, की तान्ह्या व रांगत्या वयातील शिक्षण ही एकतर्फी ग्रहणाची क्रिया नाही. मूल खिडकीबाहेर बोट दाखवते. आजी तिकडे पाहते व ‘कावळा’ म्हणते. मूल ‘काऊ’ म्हणते. आजी हसून ‘हो, काऊ उडाला’ असे वाक्य पुरे करते. अवघ्या काही क्षणांच्या या घटनेत मुलाने विषय निवडला, मोठ्या माणसाने त्या विषयाला शब्द दिला, आणि मुलाच्या उच्चाराला ताबडतोब उत्तर मिळाले. शब्द ऐकू येण्यास यंत्रही पुरेसे आहे. परंतु मुलाची नजर ज्या क्षणी ज्या वस्तूवर आहे, त्याच क्षणी त्याच वस्तूचा शब्द येणे, हे मुलाकडे पाहणाऱ्या माणसालाच शक्य आहे. आपल्याकडील मांडीवरची बडबडगीते, बोटांचे खेळ, ‘भोऽ’ करून तोंड लपवणे, हे सारे या साखळीचेच घरगुती प्रकार होत.

येथे एका गैरसमजाचे निवारण करावयास हवे. वर सांगितलेली अडचण सुमारे अडीच-तीन वर्षांपर्यंत विशेष ठळक असते व पुढे हळूहळू कमी होते. तीन ते पाच वर्षांची मुले चांगल्या कार्यक्रमांतून निश्चितपणे शिकू शकतात. १९६९ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘सेसमी स्ट्रीट’ या कार्यक्रमाचा सॅम्युएल बॉल व जेरी अॅन बोगॅट्झ यांनी १९७० साली केलेला अभ्यास या बाबतीत प्रसिद्ध आहे : कार्यक्रम अधिक पाहणाऱ्या मुलांनी अक्षरे, अंक इत्यादी गोष्टींत अधिक प्रगती केली. मात्र तो कार्यक्रम मुलांच्या विकासाचे ज्ञान असलेल्या व्यक्तींनी आखला होता. आज मुलांसाठी म्हणून जे मिळते, त्याबद्दल असे सरसकट म्हणता येत नाही. जेनी रॅडेस्की यांच्या सहकार्याने २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, लहान मुलांच्या १३५ अॅपांपैकी ९५ टक्क्यांत कोणत्या ना कोणत्या स्वरूपाची जाहिरात आढळली. अॅपच्या नावात ‘शैक्षणिक’ हा शब्द असणे हा गुणवत्तेचा पुरावा नव्हे.

मोठ्यांचे पडदे

साखळी हे तत्त्व मान्य केले, की एक अप्रिय निष्कर्ष ओघानेच येतो. साखळीला दोन टोके आहेत. ती मुलाच्या हातातील मोबाइलने तुटते, तशीच मोठ्यांच्या हातातील मोबाइलनेही तुटते. लहान मुलांच्या पडद्याविषयीच्या चर्चेत या दुसऱ्या टोकाची उपेक्षा होते.

एडवर्ड ट्रॉनिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली दाखवून दिले, की बालकाशी खेळत असलेली आई एकाएकी निश्चल चेहऱ्याने बसली, तर काही महिन्यांचे बालकही अस्वस्थ होते, तिला परत खेळात आणण्याचा प्रयत्न करते, आणि तो फसला की तोंड फिरवते. मोबाइलमध्ये बुडालेला चेहरा हा बऱ्याच अंशी असाच निश्चल चेहरा असतो. हर्श-पासेक व गोलिंकॉफ यांच्या गटाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३८ मातांनी आपल्या दोन वर्षांच्या मुलांना दोन नवे शब्द शिकवले. एक शब्द शिकवताना मध्येच फोन आला, दुसरा शिकवताना आला नाही. मुलांच्या कानी दोन्ही शब्द सारख्याच वेळा पडले होते. तरीही फोनने खंड पाडलेला शब्द ती शिकली नाहीत. रॅडेस्की यांनी बोस्टन परिसरातील उपाहारगृहांत मुलांसह आलेल्या ५५ पालकांचे निरीक्षण करून २०१४ साली नोंदवले, की त्यांपैकी ४० जणांनी जेवणाच्या वेळी मोबाइल वापरला.

कोणी पाहत नसताना चालू ठेवलेली दूरचित्रवाणीही निरुपद्रवी नसते. डॅनियल अँडरसन यांच्या गटाने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एक ते तीन वर्षांची ५० मुले तासभर खेळण्यांशी खेळली. त्यांतील अर्धा वेळ खोलीत मोठ्यांचा एक कार्यक्रम चालू होता. मुले त्याकडे क्षणभरच, अधूनमधून पाहत. तरीही त्यांच्या खेळाचे प्रसंग तोकडे झाले व एकाग्रता घटली. संध्याकाळी दिवेलागणीपासून रात्रीपर्यंत मालिका चालू असणाऱ्या घरांत या निष्कर्षाचे महत्त्व सांगावयास नको.

रडणे, जेवण आणि झोप

मोबाइल मुलाच्या हाती जातो, तो बहुधा तीन प्रसंगी : मूल रडत असते तेव्हा, जेवत नसते तेव्हा व झोपत नसते तेव्हा. या तिन्ही प्रसंगी यंत्र तत्काळ गुण देते, म्हणून ते मोहात पाडते. परंतु हे तिन्ही प्रसंग मुलाने स्वतःला सावरण्याची कला शिकण्याचेही आहेत.

रडणाऱ्या मुलाला जवळ घेऊन ‘राग आला ना?’ असे म्हणणारे माणूस त्याच्या भावनेला नाव देत असते. पडदा ती भावना नुसती झाकतो. रॅडेस्की व सहकाऱ्यांनी २०२२ च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तीन ते पाच वर्षांच्या ज्या मुलांना शांत करण्यासाठी वारंवार मोबाइल दिला जाई, त्यांच्यात पुढील काही महिन्यांत भावनिक उद्रेक वाढलेले दिसले. मुलग्यांत व अतिचंचल प्रकृतीच्या मुलांत हे विशेषेकरून आढळले.

जेवणाचेही असेच आहे. चित्रफितीकडे डोळे लावून बसलेल्या मुलाच्या तोंडात घास जातात. पण भूक लागणे व पोट भरणे या आतल्या खुणांकडे त्याचे लक्ष राहत नाही, आणि भरवणाऱ्याचेही राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सहा ते तेवीस महिन्यांच्या बालकांच्या पूरक आहाराविषयी मार्गदर्शिका काढली, तीत मुलाच्या खुणा ओळखून भरवण्यावर भर दिला आहे. ‘चिऊचा घास, काऊचा घास’ करीत भरवणारी आजी नेमके हेच करीत असते : घास पुढे करणे, मुलाचा चेहरा पाहणे, थांबणे.

झोपेच्या बाबतीत कारण शारीरिकही आहे. तेजस्वी प्रकाशाने मेलाटोनिन या निद्रेशी निगडित संप्रेरकाचा स्राव मंदावतो. लहान मुलांच्या बाहुल्या मोठ्या व नेत्रभिंगे अधिक निर्मळ असल्याने त्यांच्यावर हा परिणाम अधिक होतो. म्हणून निजण्यापूर्वीचा एक तास पडद्याविना असावा, ही सूचना सर्वांत कमी वादाची व सर्वांत लवकर गुण देणारी आहे.

आपल्या घरांचा विचार

येथवरचे बहुतेक प्रयोग अमेरिकेतील आहेत. त्यांतील तत्त्व सार्वत्रिक मानले, तरी सल्ला मात्र घर पाहूनच द्यावा लागेल. एका खोलीत सहा माणसे राहतात, तेथे मुलाच्या झोपेसाठी वेगळी अंधारी जागा नसते. आई स्वयंपाक आटोपून सातच्या गाडीला पोचते, तेथे सकाळचा तास हा घाईचाच असणार. बाहेर खेळावयास अंगण नाही, जिन्यात धोका आहे, रस्त्यावर वाहने आहेत. अशा ठिकाणी ‘मुलाला मोकळ्या हवेत न्या’ हे वाक्य उपदेश ठरते, मार्गदर्शन नव्हे. अशा घरात मोबाइल हा बिनपगारी दाई झालेला असतो. दुसरा काही आधार न सुचवता तो काढून घेण्यास सांगणे म्हणजे आईचा भार वाढवणे होय.

या बाबतीत महाराष्ट्रातील बालशिक्षणाच्या परंपरेकडून पुष्कळ शिकता येईल. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली. पुढे ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, आणि १९५७ पासून कोसबाड येथे ताराबाई व अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी काम केले. माँटेसरींची महागडी साधने खेड्यात मिळणारी नव्हती. त्यांनी बिया, शिंपले, पाने, माती यांतून साधने उभी केली. मूल शाळेत येत नाही असे दिसले, तेव्हा शाळाच त्याच्या अंगणात व गुरे चरतात त्या कुरणावर नेली. अंगणवाडीची कल्पना त्यातूनच आली. कुटुंबाची परिस्थिती हा अडथळा न समजता आरंभबिंदू समजणे, हे त्या कार्याचे सूत्र होते. आणि आजच्या प्रश्नालाही तेच लागू पडते.

या दृष्टीने पाहिल्यास घरातच पुष्कळ साधने सापडतात. स्वयंपाकाच्या वेळी मुलाला कणकेचा गोळा द्यावा, मटार सोलावयास द्यावेत, वाट्या व डबे लहानमोठ्या क्रमाने लावावयास द्यावेत. हात कामात असले तरी आईची जीभ मोकळी असते, व साखळी चालू राहते. शेजारची आजी, थोरले भावंड, अंगणवाडीची ताई हीही साखळीची टोके होऊ शकतात.

उलटपक्षी, काही घरांत यंत्रच साखळी जोडते. पोट भरण्यासाठी शहरात आलेले कुटुंब गावच्या आजीशी, किंवा आखातात नोकरीस गेलेला बाप आपल्या दोन वर्षांच्या मुलीशी व्हिडिओ कॉलवर बोलतो, तेव्हा तो वेळ पडद्याच्या खात्यात मोडू नये. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलाला आजीआजोबांची भाषा त्यांच्याच तोंडून, त्याच्या बोलण्याला उत्तर म्हणून ऐकण्याचा तोच एक मार्ग पुष्कळदा असतो. अशा वेळी मुलाजवळ बसलेल्या मोठ्या माणसाने आजीचे म्हणणे पुन्हा सांगावे, मुलाने दाखवलेले खेळणे पडद्यासमोर धरावे. म्हणजे संभाषण टिकते.

मार्गदर्शकाने विचारावयाचे प्रश्न

कुटुंबाशी बोलताना आकड्यापासून आरंभ न करता पुढील पाच प्रश्नांपासून करावा, असे सुचवावेसे वाटते.

१. दिवसातील कोणत्या वेळी मुलाच्या हाती पडदा जातो, आणि त्या वेळी घरातील माणसे काय करीत असतात? यावरून खरी गरज कळते.

२. त्या वेळी पूर्वी काय होत असे, किंवा काय होऊ शकले असते? झोप, खेळ व संवाद यांपैकी पडद्याने कशाची जागा घेतली, ते पाहावे.

३. सोबत कोणी असते का, आणि ते बोलते का? सोबत बसून आपापला मोबाइल पाहणे ही सोबत नव्हे.

४. काय पाहिले जाते आणि ते कसे संपते? संथ, गोष्ट असलेला व निश्चित शेवट असलेला एक कार्यक्रम निवडून, पुढची चित्रफीत आपोआप सुरू होण्याची सोय बंद ठेवली, तर अर्धे भांडण मिटते. पाहून झाल्यावर ‘मग त्या सशाने काय केले?’ एवढे विचारले, तरी तीन-चार वर्षांच्या मुलाला पाहिलेले मनात घोळवण्यास वाव मिळतो.

५. घरातील मोठी माणसे आपला मोबाइल केव्हा खाली ठेवतात? जेवताना व निजताना सर्वांचे मोबाइल फळीवर, असा एकच नियम पाळणारे घर वीस नियम लिहून ठेवणाऱ्या घराहून बरे. हा प्रश्न वडिलांना व आजोबांनाही विचारावा. एकट्या आईला विचारल्यास उत्तर अपुरे येईल आणि दोषही तिच्याच माथी येईल.

या उत्तरांनंतर एकाच वेळी एकच बदल सुचवावा. दोन वर्षांखालील मूल असेल, तर भरवतानाचा मोबाइल आधी सोडवावा. मोठे असेल, तर निजण्यापूर्वीचा. मोबाइल एकाएकी काढून घेतल्यास पहिले काही दिवस मूल अधिक रडेल, हे पालकांना आधीच सांगून ठेवावे. नाहीतर दुसऱ्या दिवशीच प्रयोग फसल्याचे ठरवून ते माघार घेतात.

संशोधकांना काही सूचना

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या विषयावर प्रबंध लिहिताना दोन गोष्टींचे भान ठेवावे. पहिली अशी, की पडद्याचा वेळ व विकासातील उणीव यांचा सहसंबंध दाखवणारा अभ्यास कार्यकारणभाव सिद्ध करीत नाही. मुळात किरकिऱ्या असलेल्या मुलाला अधिक वेळा मोबाइल दिला जात असेल. किंवा दारिद्र्य, एकटेपणा व कामाचा ताण यांमुळे पडदाही वाढत असेल व संवादही घटत असेल. ज्या प्रयोगांवर या लेखात भर दिला, त्यांत परिस्थिती संशोधकांनी स्वतः बदलली होती; म्हणून त्यांचा पुरावा अधिक विश्वसनीय आहे, जरी त्यांतील मुलांची संख्या लहान असली तरी. दुसरी गोष्ट मोजमापाची. पालकांना ‘किती मिनिटे?’ विचारून मिळालेले उत्तर बेभरवशाचे असते. त्याऐवजी एका तासाच्या प्रत्यक्ष निरीक्षणात मुलाने किती वेळा संवादाला आरंभ केला व त्यांपैकी किती वेळा त्याला उत्तर मिळाले, याची नोंद करता येईल. चाळीतील घर, वाड्यावस्तीवरील घर, ऊसतोडणी कामगारांचे कोप व शहरातील सदनिका अशा चार ठिकाणी असे निरीक्षण झाल्यास, आपल्या भाषेत व आपल्या घरांत ही साखळी कशी जुळते व कोठे तुटते, हे प्रत्यक्ष पुराव्याने मांडता येईल. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. कागद, पेन्सिल, घड्याळ आणि घरच्या माणसांचा विश्वास पुरेसा आहे.

समारोप

मोबाइल आता घरातून परत जाणार नाही, आणि तो गेलाच पाहिजे असेही नाही. दोन वर्षांपर्यंत, दूरच्या आप्तांशी बोलण्याखेरीज, त्याची मुलाला गरज नाही. पुढे थोडा वेळ, निवडून व सोबतीने पाहिल्यास तो उपकारक ठरू शकतो. परंतु कोणत्याही वयात, मुलाने वर पाहिले तर त्याच्याकडे पाहणारा एक चेहरा घरात असावा, ही गरज कोणतेही यंत्र भागवू शकत नाही. हे सांगताना आईला दोषी न ठरवता सबंध घराला, आणि घराभोवतीच्या समाजालाही, त्या जबाबदारीत सहभागी करून घेणे, हे आपल्या विद्याशाखेचे काम आहे.